मालदीव : प्रवाळावर उभा असलेला देश

लक्षद्वीपच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात मालदीव हा देश आहे. क्षेत्रफळाच्या बाबतीत तो आशियातील सर्वांत लहान देश. आपल्याकडे त्याची ओळख पर्यटनाच्या जाहिरातींपुरती आहे. मात्र बाराव्या शतकापर्यंत तिथे बौद्ध धम्म नांदत होता. तिथली जमीन, जुने स्तूप, जुन्या मशिदी आणि आजची कमाई या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे प्रवाळ.

भूगोल

मालदीवमध्ये सुमारे १,२०० लहान बेटे आहेत. ती २६ नैसर्गिक प्रवाळवलयांमध्ये विभागलेली आहेत. अशा वलयासाठी जगभर वापरला जाणारा ‘अ‍ॅटोल’ हा शब्द मालदीवच्या धिवेही भाषेतूनच इंग्रजीत गेला. देशाचा पसारा उत्तर-दक्षिण ८०० किलोमीटरहून जास्त, पण कोरडी जमीन जेमतेम ३०० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून होणाऱ्या क्षेत्राच्या निम्मी. वस्ती सुमारे १९० बेटांवर आहे. डोंगर नाहीत, नद्या नाहीत. बहुतेक जमीन समुद्रापेक्षा एक मीटरच उंच आहे. प्यायला पावसाचे किंवा यंत्राने गोडे केलेले समुद्राचे पाणी वापरतात. डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी मालेतील जलशुद्धीकरण केंद्राला आग लागली, तेव्हा भारताने विमानाने आणि जहाजाने पाणी पाठवले होते.

लोक आणि भाषा

२०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ५ लाख १५ हजार आहे. त्यात साधारण चौथा हिस्सा परदेशी रहिवाशांचा, मुख्यतः कामगारांचा आहे. धिवेही ही सिंहलीची जवळची बहीण, म्हणजे मराठीच्याच भाषाकुळातली. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावरही ती बोलली जाते. तिची ‘थाना’ लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात आणि तिची पहिली नऊ अक्षरे अरबी अंकांवरून घेतलेली आहेत. २६ जुलै १९६५ रोजी देश ब्रिटिश संरक्षणातून मुक्त झाला, १९६८ मध्ये प्रजासत्ताक झाला.

बौद्ध काळ

११५३ मध्ये राजाने इस्लाम स्वीकारला आणि पुढे देशाचा धर्म बदलला. त्याआधी अनेक शतके इथे विहार आणि स्तूप होते. बेटांवर दुसरा दगड नसल्याने ते प्रवाळाच्या दगडात बांधले गेले. बाराव्या शतकाच्या अखेरच्या ताम्रपटांतून धर्मांतराच्या काळाची माहिती मिळते. १९२२ मध्ये एच. सी. पी. बेल यांनी दक्षिणेकडील बेटांवरील स्तूपांचे अवशेष नोंदवले. तोड्डू बेटावर बुद्धमूर्ती सापडली, तर काशिधू बेटावर १९९० च्या दशकात मोठ्या विहाराचे अवशेष उजेडात आले.

प्रवाळ कोरण्याची कला मात्र धर्मांतरानंतरही टिकली. मालेतील १६५८ ची जुनी शुक्रवार मशीद प्रवाळाच्या कोरीव दगडांचीच आहे. दोन्ही काळांतल्या बांधकामांमागे तीच कारागिरी आहे. असे असूनही ७ फेब्रुवारी २०१२ रोजी जमावाने मालेच्या राष्ट्रीय संग्रहालयात घुसून बौद्ध काळातील शिल्पे फोडली. त्यात मालदीवी लोकांचा स्वतःचाच इतिहास नष्ट झाला. आज तिथे मुस्लिमेतर व्यक्तीला नागरिकत्व मिळत नाही आणि इतर धर्मांच्या सार्वजनिक उपासनेला परवानगी नाही.

अर्थव्यवस्था

आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, पण एके काळी कवडी हे चलन होते आणि मालदीव हा तिचा मोठा पुरवठादार होता. इथल्या कवड्या बंगालला जात आणि बदल्यात तांदूळ येई. दुसरा जुना व्यवसाय टुना मासेमारीचा. जाळे न टाकता, काठी आणि गळाने एकेक मासा पकडण्याची पद्धत इथे आजही चालू आहे.

१९७२ मध्ये पहिले रिसॉर्ट उघडले आणि चित्र पालटले. २०२४ मध्ये २० लाखांहून अधिक पर्यटक आले, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास चौपट. तांदूळ, गहू, इंधन असे जवळजवळ सगळे बाहेरून येते. बांधकामाची कष्टाची कामे मुख्यतः बांगलादेशी मजूर करतात. रिसॉर्टच्या जाहिरातीत ते दिसत नाहीत.

संकट

जिवंत प्रवाळ लाटांचा जोर मोडतो आणि त्याच्या चुऱ्यातून बेटांची वाळू तयार होते. १९९८ मध्ये समुद्र तापल्याने उथळ पाण्यातले बहुतेक प्रवाळ मेले, २०१६ मध्ये पुन्हा मोठा फटका बसला. प्रवाळ मेला की बेटाची भिंतही जाते आणि वाळूचा पुरवठाही आटतो. २००४ च्या त्सुनामीत ८० हून अधिक लोक दगावले. ऑक्टोबर २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेऊन जगाचे लक्ष वेधले.

मालेजवळ समुद्रात भराव घालून हुलहुमाले हे उंच बेट उभारले आहे. पण भरावासाठी वाळू उपसली की जवळच्या प्रवाळावर गाळ बसतो. वस्तीला जागा द्यायची तर प्रवाळ धोक्यात येतो, आणि प्रवाळ गेला तर वस्ती धोक्यात येते. जगाच्या कार्बन उत्सर्जनात मालदीवचा वाटा नगण्य आहे, तरी त्याची किंमत आधी याच लोकांना मोजावी लागत आहे. पर्यावरणाचा प्रश्न हा सामाजिक न्यायाचाही प्रश्न कसा असतो, हे समजून घ्यायला या देशाचा अभ्यास आपल्या तरुणांनी जरूर करावा.