पैसा एकदाच येतो, ताळेबंद दरवर्षी

स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं, तेव्हा आठवणींऐवजी हिवरे बाजारचा अलीकडचा इतिहास लिहायचं मी ठरवलं. आपला माजी विद्यार्थी संघ यंदा शाळेच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायची सोय करून देणार आहे. त्या कामात हा इतिहास उपयोगी पडेल.

नगर जिल्ह्यातलं हे गाव. पाऊस वर्षाला जेमतेम 400 मिलिमीटरच्या आसपास. 1972च्या दुष्काळानंतर गावाची रया गेली, माणसं पोटासाठी बाहेर पडली. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. 1994 मध्ये गाव राज्य शासनाच्या आदर्श गाव योजनेत आलं. योजना राबवायला संस्था लागते. ती गावाने स्वतःच उभी केली. डोंगरउतारावरचे चर, बांध, झाडं यांना रोजगार हमीचा पैसा मिळाला.

पण रोजगार हमीचे बांध महाराष्ट्रात गावोगावी झाले आणि कितीतरी ठिकाणी ते गाळाने भरूनही गेले. हिवरे बाजारात ते टिकले, कारण पैशाबरोबर अटीही आल्या होत्या: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान. ग्रामसभेने त्या आपल्या म्हणून पाळल्या. पुढे शेतीसाठी बोअरवेल घ्यायलाही गावाने स्वतःच बंदी घातली. भूजल सर्वेक्षण खात्याच्या मदतीने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला. पाऊस मोजायचा, माणसांचं नि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरेल त्यावर पिकं ठरवायची. पाऊस कमी झाला, की रब्बीला कात्री.

म्हणजे शासनाने तीन गोष्टी दिल्या: पैसा, अट आणि माहिती. त्या रोजच्या सवयीत उतरवण्याचं काम मात्र गावाच्या संस्थेने केलं. यातली एखादी जरी कमी पडती, तरी आज तिथे फक्त कोनशिला उरली असती.

आपल्या शाळेतही टाकी बांधून होईल, नावांची पाटी लागेल. पण दर मे महिन्यात गच्ची कोण झाडणार? गाळणी कोण बदलणार? हे एकट्या शिपाईमामांवर सोडून चालणार नाही. म्हणून माझी सूचना अशी: जमलेल्या निधीतला काही भाग ठेव म्हणून बँकेत ठेवावा आणि व्याज देखभालीला द्यावं. नववीच्या मुलांनी रोजचा पाऊस मोजून फळ्यावर लिहावा. आणि दरवर्षीच्या स्नेहमेळाव्यात जेवणाआधी आपण तो ताळेबंद मागावा. गुरुजनांनी आणि मित्रांनी यावर मेळाव्यातच निर्णय घ्यावा, ही विनंती.