बागलकोटचे मास्तर आणि आकाशाचे गणित

केतकर म्हटले की कोरेगावातल्या वाचनालयात बसणाऱ्या मंडळींना ज्ञानकोशकार केतकर आठवतात. ते श्रीधर व्यंकटेश. आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते व्यंकटेश बापूजी केतकर निराळे. त्यांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. हे चार वर्षांचे असताना त्या संस्थानाने इंग्रजांविरुद्ध बंड केले आणि ते बुडाले. पुढे बागलकोटला शाळामास्तरकी हा त्यांचा व्यवसाय झाला. मुलांचे धडे घ्यावेत, वह्या तपासाव्यात आणि उरलेल्या वेळात न्यूटन व लाप्लास यांच्या गतिशास्त्राशी झुंजावे, असा हा गृहस्थ. त्यांच्यापाशी वेधशाळा नव्हती.

पण त्या काळच्या महाराष्ट्रात हे अगदी नवलाचे नव्हते. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यापाशी विश्वविद्यालयाची पदवी नव्हती. कुलाब्याच्या वेधशाळेत काम करता करता ते शिकले आणि १८६० साली त्यांनी ग्रहसाधनाची कोष्टके मराठीत दिली. शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही शिक्षकच. ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा त्यांचा १८९६ चा ग्रंथ आजही मार्गदर्शक आहे. या मंडळींना आकाशाची एवढी ओढ का लागली? याचे उत्तर भिंतीवरच्या पंचांगात आहे.

आपल्याकडची बहुतेक पंचांगे त्या वेळी गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वरून तयार होत. हा ग्रंथ १५२० चा, आणि मोठा कुशल. ज्यांचे, म्हणजे आजच्या भाषेत साइनचे, कोष्टक न वापरता ग्रह काढून देणारा. तथापि साडेतीनशे वर्षांत आकाश आणि कागद यांची फारकत होत गेली. शिवाय चंद्राच्या बाबतीत एक मूळचीच अडचण होती, आणि ती जरा सावकाश पाहण्यासारखी आहे.

चंद्र सारख्या वेगाने चालत नाही. त्याच्या मध्यम स्थानाला जो मुख्य संस्कार द्यावा लागतो तो जास्तीत जास्त सुमारे ६ अंश १७ कलांचा. आमच्या जुन्या ग्रंथांत मात्र तो सुमारे ५ अंशांचाच आहे. जुने लोक चुकले काय? नाही. सूर्यही चंद्राला ओढीत असतो, आणि त्या ओढीचा मोठा परिणाम सुमारे १ अंश १६ कलांचा असतो. अमावास्येला व पौर्णिमेला हा परिणाम मुख्य संस्कारातून वजा होतो आणि बाकी ५ अंशच उरते. ग्रहणे तेव्हाच लागतात, आणि जुन्या ज्योतिषांनी आपले गणित ग्रहणांवर घासून घेतले होते. म्हणून ग्रहण जवळपास जुळे. पण अष्टमीच्या सुमारास तोच परिणाम वजा होण्याऐवजी मिळवावा लागतो. बेरीज साडेसात अंशांवर जाते. फरक अडीच अंशांचा पडला, म्हणजे तिथीचा शेवट पाच तासांनी इकडचा तिकडे झाला! गोकुळाष्टमीचा उपास कोणत्या दिवशी करावयाचा, हा प्रश्न अशा रीतीने गुरुत्वाकर्षणाच्या दाराशी येऊन उभा राहतो. जुन्या गणिताने तिथी ६० घटिकांवर पाच घटिका वाढे व सहा घटिका घटे. खरी तिथी सात वाढते आणि दहा घटते. हे मान्य करणे कित्येक शास्त्रीमंडळींना जड गेले.

केतकरांनी युरोपीय कोष्टके नुसती उतरवून घेतली नाहीत. ती पचवून त्यांनी ‘ज्योतिर्गणितम्’ व ‘केतकी ग्रहगणितम्’ हे ग्रंथ रचले, आणि तेही संस्कृतात. कोणी याला सनातनीपणा म्हणेल. मला तो व्यवहार वाटतो. पंचांग करणारा जोशी इंग्रजी वाचीत नव्हता, त्याच्या हाती पडेल त्याच रूपात नवे गणित द्यावयास हवे होते. इंग्रजी वाचकांसाठी कालगणनेवरचा ग्रंथ त्यांनी १९२३ साली दिला तो निराळा.

मात्र केतकरांचे नाव आज निघते ते दुसऱ्याच कारणाने. मे १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे मांडले. गुरूच्या तीन चंद्रांच्या फेऱ्यांत लाप्लासला एक ठराविक नाते दिसले होते. एकाचा फेरा पावणेदोन दिवसांचा, दुसऱ्याचा साडेतीन, तिसऱ्याचा सात. युरेनसचा फेरा ८४ वर्षांचा, नेपच्यूनचा १६५. तसेच नाते येथेही धरून केतकरांनी पुढच्या ग्रहाला ‘ब्रह्मा’ नाव दिले, अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट आणि फेरा २४२.२८ वर्षांचा सांगितला. १९३० साली प्लूटो सापडला : अंतर सुमारे ३९.५ पट, फेरा २४८ वर्षे. त्याच वर्षी केतकरही वारले.

येथे अभिमानाने टाळी वाजवण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. केतकरांनी धरलेले नाते ग्रहांना लागू पडत नाही, आणि त्यांचा दुसरा ग्रह ‘विष्णू’ कोणाला कधी दिसला नाही. प्लूटोचा चंद्र १९७८ साली सापडल्यावर प्लूटोचे वजन कळले, ते पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्शाच्या आसपास. २००६ साली तर त्याची गणना खुजा ग्रह म्हणून झाली. अमेरिकेत लोवेल यांनीही निराळ्या वाटेने प्लूटोच्या जवळपास भाकीत केले होते. हाताशी मोठी वेधशाळा असूनही तेही योगायोगाचेच ठरले.

तरी एक फरक मनात राहतो. रामन १९०७ साली हिशेबखात्याच्या नोकरीवर कलकत्त्यास गेले. तेथे बहूबाजारातील विज्ञानसंस्थेचे दार कचेरीच्या आधी व नंतर त्यांना उघडे होते, आणि दहा वर्षांनी ते प्राध्यापक झाले. आइन्स्टाइनना पेटंट कचेरीत वाद घालावयास बेसोसारखा मित्र होता. बागलकोटात ‘मास्तर, हे नाते येथे लागू पडत नाही’ असे म्हणणारा कोण भेटणार? एकट्याने शिकणाऱ्यास पुस्तक मिळते. त्याच्या तर्काला हरकत घेणारा मिळत नाही.

आणि पंचांगाचे काय झाले? राशिचक्राचा आरंभ चित्रा ताऱ्याच्या आधाराने धरावा, असा केतकरांचा आग्रह होता. टिळकांच्या बाजूचे लोक रेवतीपक्षाचे. वाद उभय पक्षी बरेच कडवट झाले. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसमितीने १९५५ साली आपला अहवाल दिला, तेव्हा धार्मिक पंचांगासाठी तिने चित्रापक्षाला धरूनच आकडा स्वीकारला. आपल्या घरोघरी जी पंचांगे टांगलेली असतात, त्यांतली बहुतेक आज त्याच पक्षाची आहेत.