चार्जिंग स्टेशन : जागेची निवड

विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठीचे सार्वजनिक चार्जिंग स्टेशन कुठे उभारले तर ते स्वतःच्या कमाईवर तगेल, हे ठरवण्याची रीत. भारतात हा प्रश्न 2018 पासून धंद्याचा झाला. चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने त्या वर्षी स्पष्ट केले. परवान्याची अट गेली आणि जागा असेल त्याला दार खुले झाले. 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी शहरात 3 × 3 किमी.च्या प्रत्येक चौकोनात एक आणि महामार्गावर दर 25 किमी.ला दोन्ही बाजूंस एक स्टेशन सुचवले. 2024 मध्ये ही मापे शहरात 1 × 1 किमी. (2030 पर्यंत) आणि महामार्गावर 20 किमी. अशी घटली. ही आखणी वाहनधारकाच्या सोयीची आहे. तीत स्टेशनमालकाच्या नफ्याचा विचार नाही.

नफ्याचे माप म्हणजे यंत्राचा वापर. 60 किलोवॅटचा डीसी चार्जर अहोरात्र पूर्ण क्षमतेने चालला तर 1,440 युनिट देईल. त्याचा दहावा हिस्सा 144 युनिट, म्हणजे प्रत्येकी 24 युनिट घेणाऱ्या सहा मोटारी. विकत घेतलेली वीज वजा जाता युनिटमागे 8 रुपये सुटतात असे उदाहरणादाखल धरले, तर दिवसाला 1,152 रुपये हाती येतात. त्यातूनच भाडे, देखभाल आणि कर्जाचे हप्ते. सहाच्या जागी तीनच गाड्या आल्या की हप्ता खिशातून भरायचा.

रस्त्यावरून किती गाड्या जातात याची मोजणी करून जागा ठरवणे ही नवख्याची चूक. विचारायचे ते असे की गाडी इथे कशासाठी थांबते आणि किती वेळ. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर घाटात बॅटरी उतरते, म्हणून पायथ्याशी स्टेशन चालेल, असे बोलले जाते. खोपोली ते लोणावळा हा सुमारे साडेपाचशे मीटरचा चढ मध्यम आकाराच्या मोटारीला सपाटीपेक्षा तीनेक युनिट जास्त खायला लावतो; उतरताना त्यातले काही परतही मिळतात. शिवाय मुंबई–पुणे अंतर आजच्या बहुतेक मोटारी एका चार्जमध्ये कापतात. तरी या मार्गावरच्या फूड मॉलची जागा चांगलीच, कारण वडापाव, चहा आणि स्वच्छतागृह यांत कुटुंबाचा अर्धा-पाऊण तास जातो आणि बॅटरी 10 वरून 80 टक्क्यांवर न्यायला जलद चार्जर साधारण तेवढाच वेळ घेतो. ऐंशीच्या पुढे वेग मंदावतो. तिथे रेंगाळणारी गाडी मागच्या गिऱ्हाईकाची जागा अडवते. 701 किमी.च्या समृद्धी महामार्गावर मात्र गरजच गाडी थांबवते. तिथे दुभाजकापलीकडच्या स्टेशनचा उपयोग शून्य.

शहरातला हुकमी गिऱ्हाईक म्हणजे घरी चार्जिंगची सोय नसलेला : वाहनतळ नसलेल्या जुन्या इमारतीतला रहिवासी आणि टॅक्सीवाला. टॅक्सीवाला भाडी कमी असतात तेव्हा येतो, रोज येतो, आणि स्वच्छतागृह व चहाची टपरी जवळ असेल तर तिथलाच होतो. कार्यालये व मॉल यांना 7.4 किलोवॅटचे स्वस्त एसी चार्जर पुरतात. गाडी तिथे तासन्‌तास उभीच असते. केंद्राच्या धोरणानुसार सौर तासांत, सकाळी 9 ते दुपारी 4, वीज स्वस्त ठेवायची असल्याने दिवसाचे गिऱ्हाईक अधिक फायद्याचे.

जागा पसंत पडली तरी आधी डीपी (परिसराला वीज पुरवणारे रोहित्र) बघावी. तिची क्षमता शिल्लक नसेल तर नवे रोहित्र, केबल आणि रस्ता खोदाईची परवानगी यांचा खर्च चार्जरच्या किमतीला मागे टाकू शकतो. म्हणून चौकातल्या महाग गाळ्यापेक्षा फीडरजवळचा (मुख्य वीजवाहिनीलगतचा) आडबाजूचा प्लॉट पुष्कळदा बरा. सरकारी जमिनीसाठी 2022 च्या तत्त्वांत युनिटमागे 1 रुपया महसूलवाटा आहे. खासगी चालकाला तिथून वर बोली लावावी लागते. विक्रीवर ठरणारे असे भाडे ठोक भाड्यापेक्षा नव्या स्टेशनला कमी जाचते.

बारीक गोष्टीही गिऱ्हाईक तोडतात. काही मोटारींचे चार्जिंगचे तोंड पुढे, काहींचे मागच्या बाजूस. केबल आखूड आणि जागा एकाच बाजूने शिरण्याजोगी असेल तर गाडी आत येऊनही जोडता येत नाही. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात, हवा भरण्याच्या यंत्रामागे लावलेल्या चार्जरपुढे टेम्पो उभा राहतो आणि तो हटवायला कोणी नसते. चार्जर ॲपने सुरू होतो, पैसे यूपीआयने जातात. म्हणून पाहणीच्या वेळी दोन-तीन कंपन्यांची सिमकार्डे घेऊन नेटवर्क तपासावे, तळघरातल्या पार्किंगमध्ये तर हटकून.