काऊ-चिऊची गोष्ट आणि मराठवाड्यातील प्राथमिक वर्ग

मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभ मुद्रणापासून धरण्याची प्रथा आहे. तंजावरास सरफोजीराजांच्या आश्रयाने १८०६ साली छापलेली ‘बालबोधमुक्तावली’ आणि सदाशिव काशिनाथ छत्रे यांची १८२८ ची ‘इसापनीतिकथा’ व ‘बालमित्र’ ही पुस्तके या इतिहासाच्या अग्रभागी ठेवली जातात. पहिली दोन इसापाची. तिसरे बेर्कँ या फ्रेंच ग्रंथकाराचे, इंग्रजीच्या वाटेने आलेले. छापील ग्रंथांपुरती ही मांडणी यथार्थ आहे. तिच्यातून एक समज मात्र नकळत दृढ झाला. तो असा की, मुलांसाठी गोष्ट ही बाहेरून आणावयाची वस्तू असून ती बोधासाठीच आणावयाची असते. मराठवाड्यातील प्राथमिक वर्गात या समजाचे परिणाम विशेष तीव्रतेने झालेले दिसतात.

वस्तुतः गोदावरीच्या खोऱ्याला गोष्टीचे दारिद्र्य कधीच नव्हते. चक्रधरस्वामींचा दीर्घ वावर ज्या पैठण परिसरात झाला, तेथील बोलण्याचालण्याचे पडसाद तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त उमटले आहेत. शेणाच्या घरातील कावळा आणि मेणाच्या घरातील चिमणी यांची जी कथा आजही मराठी घरांत मुलांना घास भरविताना सांगितली जाते, ती या ग्रंथात आढळते. तेथे चिमणीला ‘साळै’ म्हटले आहे. केसोबासाच्या ‘दृष्टान्तपाठा’त हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची कथा आहे. हे ग्रंथ महानुभावांच्या सांकेतिक लिपीत शतकानुशतके बंदिस्त राहिले व त्यांचे मुद्रण विसाव्या शतकात झाले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील क्रमिक पुस्तकांच्या कर्त्यांना ते ठाऊक नसणे स्वाभाविक होते. पण ती गोष्ट प्रत्येक घरात सांगितली जात असता तिला पुस्तकात जागा द्यावीशी वाटू नये, याचे कारण लिपीत नव्हे, दृष्टीत शोधले पाहिजे.

काऊ-चिऊच्या कथेला बोध नाही, हे ते कारण असावे. भिजलेला कावळा दार ठोठावतो. चिमणी बाळाची एकेक कामे सांगून त्याला तिष्ठत ठेवते. यात सद्गुणी कोण, हे कोणत्याही शिक्षकाला निःशंकपणे सांगता येणार नाही. काही पाठांत तर कावळ्याला शेवटी तव्याचा चटका बसतो. उलट भाषाशिक्षणाच्या दृष्टीने ही कथा असामान्य आहे. वाक्याचा साचा तोच राहतो व दर खेपेला क्रियापद तेवढे पालटते. न्हाऊ घालणे, पुसणे, काजळ लावणे अशा क्रमाने मूल क्रियापदांची रूपे व्याकरणाचे नावही न घेता आत्मसात करते, आणि पुढचे वाक्य कोणते येणार हे ओळखून स्वतःच म्हणू लागते. वाचनाच्या पूर्वतयारीत या ‘ओळखून म्हणण्या’ला फार मोठे मोल आहे.

निजामी राजवटीत प्रश्न अधिक बिकट होता. १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाल्यावर माध्यमिक व उच्च शिक्षणात तिचे स्थान पक्के झाले. मौलवी अब्दुल हक यांच्यामुळे अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय दीर्घ काळ औरंगाबादेतच होते. म्हणजे शहरात एका भाषेला कोशकार, व्याकरणकार व प्रकाशनसंस्था यांचे पाठबळ होते; मराठीला मराठवाडा साहित्य परिषदेसाठी १९४३ ची वाट पाहावी लागली. सरस्वती भुवनसारख्या शहरातील शाळेने आणि हिप्परग्याच्या १९२१ च्या राष्ट्रीय शाळेने मराठी शिक्षण जगविले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु मुलांच्या मराठी पुस्तकांची व मासिकांची निर्मिती प्रामुख्याने पुण्या-मुंबईकडे होत होती. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ (१८८१) काय किंवा वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ (१९०६) काय, ही मासिके गुणाने उत्तम. पण त्यांतील घर, अंगण आणि बोली मराठवाड्याची नव्हती.

१९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० साली महाराष्ट्रात. मराठी ही आता शाळेची भाषा झाली. तथापि ती मुलाची भाषा झाली, असे म्हणता येत नाही. घरी ‘तो यायलाय’ म्हणणाऱ्या मुलापुढे पुस्तकात ‘तो येत आहे’ असे वाक्य आले. प्रमाणभाषा शिकविणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. वाद आहे तो वेळेचा. गोष्ट ऐन रंगात असता मुलाचे क्रियापद दुरुस्त केले, म्हणजे गोष्ट थांबते आणि मूलही थांबते. घरी दखनी बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते.

१९६७ साली पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजेच ‘बालभारती’, स्थापन झाल्यावर क्रमिक पुस्तकांची निवड, चित्रे व छपाई यांत निश्चित सुधारणा झाली. १९७१ पासून ‘किशोर’ मासिकाने अवांतर वाचनाची सोय केली. मात्र वर्गातील पाठाची घडण फारशी बदलली नाही. कठीण शब्दांचे अर्थ, एका वाक्यात उत्तरे, रिकाम्या जागा आणि अखेरीस ‘या कथेवरून काय बोध मिळतो?’ या चौकटीत सापडलेली उत्तम कविताही मुलाला परीक्षेची सामग्री वाटते. माधुरी पुरंदरे यांच्या ‘वाचू आनंदे’ने ही चौकट मोडून दाखविली, पण ते क्रमिक पुस्तक नव्हे.

या संदर्भात मराठवाडा विद्यापीठाकडे पाहिले असता एक विसंगती नजरेस येते. १९५८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात प्रभाकर मांडे यांच्यासारख्या संशोधकांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला प्रतिष्ठा मिळवून दिली. एकीकडे पदव्युत्तर विद्यार्थी लोककथेचे आकृतिबंध अभ्यासीत होते. दुसरीकडे काही मैलांवरच्या जिल्हा परिषद शाळेत तीच कथा जाणणारे मूल अपरिचित उताऱ्यावरील प्रश्न सोडवीत होते. या दोहोंत दुवा क्वचितच जुळला. तो जोडणे खर्चाचे काम नाही. छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३ मध्ये धारण केलेल्या या शहरात अध्यापक विद्यालयांचे विद्यार्थी निरनिराळ्या तालुक्यांतून येतात. प्रत्येकाने आपल्या आजीकडून काऊ-चिऊचा पाठ जसाच्या तसा, बोलीसह लिहून आणला, तर पैठणच्या व कन्नडच्या पाठांत चिमणी कोणती क्रियापदे वापरते आणि चटका कोणत्या पाठात बसतो, हे तुलनेने ठरविता येईल. आणि पहिलीच्या वर्गासाठी एक वाचनपुस्तिका त्यातूनच तयार होईल.