माळ्यावरून खुंटीवर

१९८० आणि ९०च्या दशकांत मुंबई-पुण्याच्या ज्या मराठी घरांनी हौसेने व्हॅक्यूम क्लीनर घेतला, त्यांतल्या पुष्कळ घरांत तो दिवाळीच्या आधी एकदा माळ्यावरून खाली उतरे. खोक्यावरची धूळ पुसायची, नळीचे तुकडे जुळवायचे, सोफ्याचा ब्रश कोणता आणि जळमटांचा कोणता हे आठवायचं, मग प्लग बसेल असा बोर्ड शोधायचा. बाहेरची खोली झाली की प्लग काढून आतल्या खोलीत. वायर पलंगाच्या पायाला अडकली की ती सोडवून पुन्हा सुरुवात. गाद्या, सोफा, पडदे उरकले की यंत्र खोक्यात आणि खोकं माळ्यावर. पुढच्या दिवाळीपर्यंत केर काढायला कुंचा आणि सुपली होतीच.

हे यंत्र घराघरांत पोचवायला कष्ट कमी पडले नव्हते. फोर्ब्स समूह आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून १९८२मध्ये युरेका फोर्ब्स उभी राहिली आणि तिचे टाय लावलेले तरुण विक्रेते भर उन्हात दारोदार फिरले. घरातल्याच गादीवर यंत्र फिरवायचं आणि आत जमलेली धूळ घरच्यांपुढे धरायची, ही त्यांची हुकमी रीत. ती धूळ बघून भलेभले गप्प होत. यंत्र काम करतं, याबद्दल वाद नव्हता. अडचण एवढीच की त्याला दावं होतं. खुंट्याला बांधलेली गाय दाव्याच्या लांबीइतकंच चरते, तसं ते वायर पोचेल तेवढंच घर झाडायचं.

आज दाराआड खुंटीला लटकणारा, दांड्याचा, बिनवायरचा व्हॅक्यूम क्लीनर दिसतो तो हे दावं सुटल्यामुळे. ते सुटायला १०० वर्षांहून अधिक काळ लागला.

पहिलं दावं तर वायरचंही नव्हतं. घोड्याचं आणि गाडीचं होतं. लंडनचा अभियंता ह्यूबर्ट सेसिल बूथ पूल बांधायचा, व्हिएन्ना आणि ब्लॅकपूलच्या जत्रेतल्या अजस्र पाळण्यांच्या रचनेतही त्याचा हात होता. १९०१च्या सुमारास त्याने एका अमेरिकन यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. ते यंत्र दाबाची हवा सोडून धूळ उडवायचं आणि उडालेली धूळ पेटीत जाऊन पडेल अशी अपेक्षा ठेवायचं. फुंकण्याऐवजी धूळ ओढूनच का घेत नाही, असं बूथने विचारलं. ते शक्य नाही, असं उत्तर मिळालं. पुढे व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका उपाहारगृहात बसला असताना त्याने मखमली आसनाच्या पाठीला तोंड लावून जोराने श्वास ओढला. धूळ घशात जाऊन तो जवळजवळ गुदमरला, पण कल्पना खरी ठरली. धूळ आणि घसा यांच्यामध्ये हवा सोडणारं आणि धूळ अडवणारं एखादं कापड असलं की झालं.

यंत्राचं मर्म आजही तेवढंच आहे. ‘व्हॅक्यूम’ म्हणजे निर्वात पोकळी, पण या यंत्रात खरी पोकळी कधीच नसते. पंखा आतली हवा बाहेर फेकतो, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा ती जागा भरायला तोंडाशी धावते. धूळ त्या धावत्या हवेबरोबर आत येते. म्हणजे धूळ काढणारी गोष्ट पोकळी नसून वारा आहे. वारा अडला की यंत्र कितीही गरजलं तरी धूळ जागेवरच राहते.

बूथचं यंत्र लाल रंगाचं होतं आणि ते घोडागाडीवर बसवलेलं असे. पेट्रोलच्या इंजिनावर पंप चाले, गाडी रस्त्यावर थांबे आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून घरात जात. लोक त्याला ‘पफिंग बिली’ म्हणत. १९०२मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ केले, आणि मग राजवाड्यानेही अशी यंत्रं घेतली. ज्याच्या दारात गाडी उभी राहू शकते त्याचंच घर साफ होणार, अशी ती सोय होती. बूथने सफाई दारापर्यंत आणली; घराच्या आत तिला एका सफाई कामगाराने आणलं.

त्याचं नाव जेम्स मरे स्पँग्लर. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी एका मोठ्या दुकानात तो झाडलोट करायचा आणि त्याला दम्याचा त्रास होता. गालिचे झाडताना उडणारी धूळ थेट त्याच्या छातीत जायची. वयाची पन्नाशी कधीच ओलांडलेल्या या माणसाने १९०७मध्ये पंख्याची विजेवरची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडला. मोटर हवा ओढे, फिरता ब्रश गालिच्यातली धूळ सैल करी आणि अभ्रा ती धूळ धरून ठेवी. २ जून १९०८ रोजी त्याला पेटंट मिळालं. ते वाढवायला भांडवल नव्हतं, तेव्हा चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या विल्यम हूवर यांनी ते विकत घेतलं. हूवर यांनी साप्ताहिकात जाहिरात देऊन १० दिवस फुकट वापरून पाहण्याची सवलत दिली आणि स्थानिक दुकानदारांमार्फत ती यंत्रं घरोघर पोचवली. पुढे इंग्लंडमध्ये हूवर या नावाचं क्रियापदच झालं, जसं आपल्याकडे ‘आज व्हॅक्यूम मारला का?’ असं सहज विचारलं जातं. या साऱ्या कुळात मूळपुरुषाचा मान स्पँग्लरचा आहे. दांडा, वर पिशवी, खाली फिरता ब्रश ही आकृती त्याची, आणि आजचं दांड्याचं यंत्र बघताक्षणी तीच आठवते. शिवाय त्याने हे यंत्र करमणुकीसाठी केलं नव्हतं. त्याला श्वास घ्यायचा होता.

घोडागाडी गेली आणि तिच्या जागी वायर आली. १९२१मध्ये इलेक्ट्रोलक्सने आडवं, घसरत मागे येणारं नळीचं यंत्र काढलं आणि भारतात पुढे जे आलं ते बहुतांशी याच वंशातलं. अमेरिकेत रेजिना कंपनीने १९४०च्या दशकात सडपातळ ‘इलेक्ट्रिकब्रूम’ काढला. संगीताच्या पेट्या बनवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या कंपनीने नावातच झाडू ठेवला, हे विशेष. रूप झाडूचं आलं, पण वायर सुटली नव्हती.

वायर सोडवायची तर वीज सोबत न्यायला हवी. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने १८९९मध्येच निकेल-कॅडमियमची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली होती. तिच्या जोरावर ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१मध्ये बिनवायरचं ड्रिल आणलं. चंद्राच्या पृष्ठभागाखालचे नमुने काढणाऱ्या अपोलो मोहिमांच्या ड्रिलसाठी हीच कंपनी कामाला लागली. त्यातून एक गैरसमज घट्ट झाला की बिनवायरची हत्यारं नासाने शोधली. तसं नाही. ड्रिल आधीचं, चंद्र नंतरचा. मात्र कमीत कमी विजेत जास्तीत जास्त काम देणारी मोटर कशी आखायची, याचं चंद्रासाठी केलेलं गणित कंपनीच्या पदरी राहिलं आणि ते १९७९मध्ये बाजारात आलेल्या ‘डस्टबस्टर’च्या कामी आलं. हाताएवढा, भिंतीवरच्या खाचेत चार्ज होत बसणारा हा छोटा व्हॅक्यूम अमेरिकेत तुफान खपला. व्हॅक्यूम क्लीनर पहिल्यांदाच कपाटातून निघून भिंतीवर आला, आणि सांडलं की लगेच उचलायचं ही सवय त्याने लावली.

तरी तो हाताएवढाच राहिला. सांडलेली साखर, टेबलावरचे चुऱ्याचे कण, गाडीतली माती, एवढीच त्याची मजल. निकेल-कॅडमियमचा एक सेल जेमतेम १.२ व्होल्ट देतो आणि वजनाने जड असतो. अख्खं घर झाडण्याइतकी वीज भरायची तर यंत्र उचलवणार नाही.

ही गाठ सुटायला तीन वेगवेगळे धागे एकत्र यावे लागले.

पहिला धागा लिथियम-आयन बॅटरीचा. जॉन गुडइनफ यांचं १९८०चं काम, अकिरा योशिनो यांनी १९८५मध्ये दिलेलं वापरण्याजोगं रूप आणि सोनीने १९९१मध्ये बाजारात आणलेला सेल, असा हा प्रवास आहे. गुडइनफ, योशिनो आणि स्टॅनली व्हिटिंगहॅम यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या सेलचा दाब सुमारे ३.६ व्होल्ट, म्हणजे निकेल-कॅडमियमच्या तिप्पट, आणि वजन कमी.

दुसरा धागा मोटरचा. जुन्या मोटरीत कार्बनचे ब्रश फिरत्या भागाला घासत वीज पोचवत. ते झिजत, ठिणग्या उडत, वेगाला मर्यादा पडे. ब्रशविना चालणाऱ्या मोटरीत हे काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं आणि आत जबर ताकदीचं निओडिमियम चुंबक असतं. पंखा लहान करायचा तर तो तितकाच जास्त वेगाने फिरायला हवा, आणि या मोटरी मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ लागल्या. मुठीत मावेल एवढ्या मोटरीला आता मोठ्या यंत्राचा वारा निर्माण करता येऊ लागला.

तिसरा धागा पिशवीचा. पिशवीची छिद्रं बारीक धुळीने बुजत जातात आणि वारा मंदावतो. वायरच्या दणकट मोटरीला तो तोटा पचतो, बॅटरीवरच्या चिमुकल्या मोटरीला पचत नाही. लाकूड कापायच्या गिरण्यांत भुसा वेगळा करायला शंकूच्या आकाराचे उंच भोवरे असतात. हवा त्यांत गरगर फिरते, जड कण भिंतीवर आपटून खाली पडतात. इंग्लंडच्या जेम्स डायसन यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी हा भोवरा घरगुती यंत्रात बसवायचं मनावर घेतलं आणि ५,१२७ नमुने करून पाहिले. त्यांचं यंत्र आधी जपानमध्ये विकलं गेलं आणि १९९३मध्ये त्यांच्या स्वतःच्या नावाने इंग्लंडमध्ये आलं. तेही वायरचंच होतं.

२०१०च्या सुमारास डायसनच्या एका यंत्रात हे तिन्ही धागे एकत्र आले. मोटर, भोवरा आणि बॅटरी वर मुठीपाशी, खाली फक्त पोकळ नळी आणि ब्रश. नळी काढली की तेच यंत्र डस्टबस्टरसारखं हातात. वजन वर असल्यामुळे ते पलंगाखाली सरपटतं आणि पंख्याच्या पात्यांपर्यंतही पोचतं. इतर कंपन्यांनी हीच मांडणी उचलली, आणि २०१८मध्ये डायसनने वायरची नवी यंत्रं विकसित करणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

दावं सुटलं, पण शिदोरी मोजकीच मिळाली. सात सेलच्या बॅटरीत साधारण ६५ ते ७५ वॉट-तास वीज मावते. सर्वांत जोराच्या बटणावर यंत्र ५०० वॉटच्या आसपास खातं, म्हणजे आठ-नऊ मिनिटांत खडखडाट. खोक्यावर लिहिलेला तासाभराचा आकडा सर्वांत मंद वेगाचा असतो. अर्थात नुसत्या वॉटवर भुलू नये, हे युरोपने कायद्याने दाखवून दिलं आहे. तिथे २०१४मध्ये घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला १,६०० वॉटची आणि २०१७मध्ये ९०० वॉटची कमाल मर्यादा घातली गेली, आणि घरं तरीही साफ होत राहिली.

ज्या गालिच्यासाठी बूथ आणि स्पँग्लर यांनी खटाटोप केला, तो गालिचा मराठी घरात फारसा नसतो. इथे शहाबादी किंवा गुळगुळीत फरशी, आणि केर काढल्यावर फरशी पुसायची पद्धत. म्हणून इथे बिनवायरच्या यंत्राचा खरा उपयोग पलंगाखाली, गादीत, सोफ्याच्या फटींत, पुस्तकांच्या कपाटावर आणि खिडकीच्या सरकत्या पट्ट्यांत आहे. २०२०च्या टाळेबंदीत कामाला येणाऱ्या बायकांना घरी थांबावं लागलं, तेव्हा कितीतरी कुटुंबांना रोजच्या केराचं ओझं पहिल्यांदा स्वतःच्या कमरेत जाणवलं. अंगण, गॅलरीतलं पाणी, ओला कचरा यांना मात्र खराटा आणि कुंचाच हवा. पाणी ओढलं तर यंत्राची मोटर जाते. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू केरसुणीलाच लागतं, आणि ते योग्यच आहे.

दमा असलेल्या माणसाच्या घरात या यंत्राची किंमत सर्वांत जास्त. कुंच्याने बारीक धूळ उडते आणि तासाभराने पुन्हा बसते. स्पँग्लरचं दुखणं नेमकं हेच होतं. त्यासाठी मागच्या बाजूने निघणारी हवा गाळणारा, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा हेपा फिल्टर हवा. यंत्राचे सांधेही घट्ट हवेत, नाहीतर गाळायची धूळ फटींतून परत खोलीतच येते.

वापरणाऱ्याकडून होणाऱ्या चुका बहुतेक वाऱ्याच्याच असतात. महिनोन्महिने फिल्टर धुतला जात नाही, ब्रशला लांब केसांचे वेढे बसतात, आणि मग यंत्रातली ओढ गेली अशी तक्रार येते. धुता येणारा फिल्टर साध्या पाण्याने धुवावा आणि पुरते २४ तास वाळू द्यावा. ओला फिल्टर घाईने बसवला तर वारा अडतो आणि ओल मोटरीपर्यंत जाते. रंगकामानंतरची पांढरी भुकटी किंवा सिमेंटची धूळ या यंत्राने ओढू नये. ती फिल्टरची छिद्रं बुजवून टाकते.

आणि यंत्रात सर्वांत आधी थकते ती बॅटरीच. ज्या सेलने दावं सोडलं, तोच काही वर्षांनी अर्ध्या वेळेत दमतो, बाकीचं यंत्र मात्र ठणठणीत असतं. काही यंत्रांत बॅटरी एका कळीने निघते आणि सुटी मिळते. काहींत ती आत बंद असते, आणि तिच्यापायी चांगली मोटर, चांगला ब्रश, सगळंच भंगारात जातं. हा अपव्यय टाळता येण्यासारखा आहे. विकत घेताना किंमत आणि वॉट विचारण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्यात: बॅटरी घरी काढता येते का, आणि पाच वर्षांनी ती सुटी मिळेल का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं यंत्र बघावं. निकामी झालेली लिथियम बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकू नये, कारण कचऱ्याच्या गाडीत दबून ती पेट घेऊ शकते. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तेव्हा ती सेवा केंद्रात किंवा ई-कचऱ्याच्या संकलन केंद्रात नेऊन द्यावी.