डॉर्सेटची बटणे : नखाएवढ्या वर्तुळातील कला

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डॉर्सेट नावाचा परगणा आहे. मेंढ्या, कुरणे आणि लहान खेडी हे त्याचे जुने रूप. या खेड्यांतील असंख्य स्त्रियांचा संसार दोन शतकांहून अधिक काळ एका नखाएवढ्या वस्तूच्या आधारे चालला. ती वस्तू म्हणजे हाताने विणलेले बटण.

या उद्योगाचा आरंभ अब्राहम केस नावाच्या एका माजी सैनिकापासून मानला जातो. युरोपात सैनिक म्हणून वावरताना तेथील कापडी बटणे त्याच्या पाहण्यात आली आणि 1622 च्या सुमारास शाफ्ट्सबरी येथे त्याने तशी बटणे करविण्यास प्रारंभ केला, असे परंपरा सांगते. त्यासाठी लागणारे साहित्य आसपासच मिळत होते. डॉर्सेट हॉर्न या स्थानिक जातीच्या मेंढ्यांत नर व मादी दोघांनाही शिंगे असतात. त्या शिंगाची पातळ चकती कापायची, तिच्यावर लिननचा, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या कापडाचा, तुकडा ताणून बसवायचा आणि मग लिननच्याच दोऱ्याने बारीक टाके घालीत तिला कळसासारखा आकार द्यायचा. उंच शेंड्याच्या बटणाला ‘हाय टॉप’ म्हणत आणि बसक्या बटणाला ‘नॉब’. 1649 मध्ये राजा पहिला चार्ल्स वधस्तंभाकडे निघाला तेव्हा त्याच्या अंगरख्याला हीच बटणे होती, अशी आख्यायिका आहे. तिला पुरावा मात्र आख्यायिकेइतकाच.

अठराव्या शतकात शिंगाच्या चकतीची जागा तारेच्या कड्याने घेतली आणि या कलेचे रूपच पालटले. बर्मिंगहॅमहून तार येई. मुले ती सळईवर गुंडाळून कडी करीत, कोणी कड्यांची टोके झाळात बुडवून जोडी, कोणी 144-144 कड्यांच्या माळा ओवी. पुढचे काम स्त्रियांचे. प्रथम संपूर्ण कडे काजाच्या टाक्याने झाकायचे. मग त्या टाक्यांची बाहेरची गाठाळ कड आतल्या बाजूस वळवायची, म्हणजे बटणाची कडा गुळगुळीत होते. त्यानंतर कड्याच्या आरपार दोरा फिरवून चाकाचे आरे उभे करायचे आणि ते सर्व बरोबर मध्यावर बांधायचे. येथे केसभर चूक झाली तरी नक्षी एका बाजूस झुकते. शेवटी मध्यापासून बाहेर प्रत्येक आऱ्यावर बखियासारखा टाका घालीत वर्तुळ भरत न्यायचे. आऱ्यांची संख्या आणि टाक्यांची दिशा बदलली की नवी नक्षी जन्माला येई. ‘ब्लँडफर्ड कार्टव्हील’ म्हणजे थेट बैलगाडीचे चाक, तर दुसऱ्या एका प्रकारात टोपलीची वीण. सभोवतालच्या खेड्यात जे दिसे, तेच त्या इवल्या वर्तुळात उतरले होते.

मराठी वाचकाला येथे ‘गुंडी’ आठवावी. कापडाची गोळी आणि दोऱ्याचा फास, एवढ्यावर आपल्याकडील सदरे मिटत असत. तत्त्व तेच. डॉर्सेटने त्यावर निर्यातीचा व्यापार उभारला, हा फरक.

मजुरी मिळे ती ग्रोसवर, म्हणजे 144 बटणांच्या हिशेबाने. दलाल माल पारखून घेत आणि उत्तम बटणे रंगीत पुठ्ठ्यांवर शिवून परदेशी रवाना होत. शेतात चिखल तुडवण्यापेक्षा घरात बसून, चुलीकडे लक्ष ठेवीत चार पैसे अधिक पदरी पडत. म्हणूनच शेतकऱ्यांना मजूर स्त्रिया मिळेनाशा झाल्या की ते या धंद्याच्या नावाने बोटे मोडीत. मात्र मंद दिव्याशेजारी पांढऱ्या दोऱ्यावर डोळे ताणण्याची किंमत कोणत्याही वहीत नोंदवलेली नाही. बटणावर करणारणीचे नावही नाही.

मग यंत्र आले. 1840 च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये लिननने मढवलेली बटणे यंत्रावर निघू लागली आणि 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनाने त्यांचा गाजावाजा केला. काही वर्षांतच हातबटणांची मागणी आटली. ब्रिटिश यंत्रांनी भारतीय विणकराचे काय केले हे आपण शाळेत शिकतो. त्याच यंत्रयुगाने इंग्लंडच्या स्वतःच्या खेड्यांतील चुलीही विझवल्या, हे सहसा सांगितले जात नाही. अन्य रोजगार नसल्याने अनेक कुटुंबांनी देश सोडून कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेची वाट धरली.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी लिचेट मिन्स्टर येथील लेडी लीस यांनी जुन्या कारागीर स्त्रियांकडून ही विद्या मिळवून ती पुन्हा रुजवण्याचा प्रयत्न केला. पहिल्या महायुद्धाने तोही थांबवला. आज हौशी मंडळी रंगीबेरंगी लोकरीत हीच चाके विणतात. संग्रहालयांतील जुनी बटणे मात्र बहुतांशी पांढरी आहेत, कारण ती सदऱ्यांसाठी आणि अंतर्वस्त्रांसाठी केलेली होती. त्यांपैकी बरीचशी दुसऱ्या कोणाच्या दृष्टीसही पडणार नव्हती.