गिटारचा ब्रिज आणि टेलपीस बदलताय? आधी मोजा, मग मागवा

गणपती, नवरात्र, मग लग्नसराई. बेळगावपासून मडगावपर्यंत ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांच्या गिटारी याच दिवसांत सगळ्यात जास्त राबतात आणि नेमक्या याच काळात तक्रारी सुरू होतात. सूर टिकत नाही, एखादी तार झणझणते, बाराव्या पडद्यावर दाबलं की स्वर चढलेला लागतो. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं: "ब्रिज बदला." कधी ते बरोबर असतं, पुष्कळदा नसतं.

ब्रिज म्हणजे ज्यावरून तारा जातात ती पट्टी. टेलपीस म्हणजे तारांची शेवटची गाठ जिथे अडकते तो दांडा. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारीत ही दोन्ही कामं एकच भाग करतो. लेस पॉल जातीच्या गिटारीत ते दोन वेगळे भाग असतात. आपल्याकडे दिसणाऱ्या एपिफोन आणि तत्सम बऱ्याच गिटारी या दुसऱ्या जातीच्या, त्यामुळे इथे मुख्यतः त्यांच्याबद्दल.

गिब्सन कंपनीची १९५२ ची पहिली लेस पॉल झोक्यासारख्या टेलपीसची होती. नंतर एकाच दांड्यावरून तारा गुंडाळून घेण्याची पद्धत आली, पण तिच्यात प्रत्येक तारेची लांबी वेगळी जुळवता येत नव्हती. टेड मॅकार्टी कंपनीचे प्रमुख असताना १९५४ च्या लेस पॉल कस्टमवर ट्यून-ओ-मॅटिक हा ब्रिज बसवला गेला. सहा तारांना सहा सॅडल आणि प्रत्येक सॅडल स्क्रूने पुढे-मागे. सत्तर वर्षं झाली तरी जगभरच्या नकला याच रचनेच्या आहेत. या पहिल्या प्रकाराला एबीआर-१ म्हणतात. त्याचे बारीक स्टड थेट लाकडात जातात. १९७० च्या दशकाच्या मध्यात आलेल्या नॅशव्हिल प्रकारात लाकडात आधी धातूचं बुशिंग ठोकलेलं असतं आणि त्यात जाड स्टड. नॅशव्हिल थोडा रुंद असल्याने सॅडलला सरकायला जास्त जागा मिळते.

खरी फसगत आट्यांत

दोन्ही प्रकारांत स्टडमधलं अंतर साधारण ७४ मि.मी. आणि टेलपीसच्या स्टडमधलं साधारण ८२ मि.मी. असतं. हे आकडे पाहून लोक निर्धास्त होतात आणि "लेस पॉलसाठी" असं लिहिलेला कुठलाही भाग मागवतात. मीही मागवला होता. टेलपीसचा स्टड दोन फेरे छान गेला, मग अडकला. पक्कड लावून फिरवला आणि बुशिंगच्या आतले आटे खाऊन टाकले.

कारण साधं आहे. अमेरिकेत बनलेल्या गिटारीत टेलपीसचा स्टड इंची मापाचा असतो, ५/१६ इंच, इंचाला २४ आटे. कोरिया, चीन, इंडोनेशियातल्या गिटारींत बहुधा ८ मि.मी.चा मेट्रिक असतो, दोन आट्यांत १.२५ मि.मी. अंतर. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मि.मी., त्यामुळे डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण इंची स्टडच्या दोन आट्यांतलं अंतर जेमतेम १.०६ मि.मी. असतं. म्हणून दोन फेरे जातो आणि बसतो अडून. हाताने न फिरणारा स्टड कधीही जोर लावून फिरवू नका. जुना स्टड बाहेर काढा, तो घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा आणि ८ मि.मी.चा नट त्यावर चढतो का बघा. दोन रुपयांच्या नटात उत्तर मिळतं.

व्हर्निअर कॅलिपर असेल तर चार मापं घ्या. स्टडचं मध्य ते मध्य अंतर, स्टडची जाडी, पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर आणि ब्रिजच्या वरच्या कडेची गोलाई. ही गोलाई गिटारच्या फिंगरबोर्डशी जुळायला हवी. गिब्सन पद्धतीच्या मानेला ती १२ इंच त्रिज्येची असते. माप काही जुळलंच नाही तर निराश होऊ नका. उद्यमबागेत किंवा शिरोलीत लेथवर काम करणाऱ्यांना पितळेचं बुशिंग कातून देणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. मात्र नमुना हातात द्या, तोंडी माप सांगू नका.

बदलण्यासारखं काय आहे?

तारांचा एकूण ताण १०-४६ च्या संचात ४५ किलोच्या आसपास जातो. स्वस्त जस्ताच्या मिश्रधातूचा ब्रिज या ओझ्याखाली वर्षानुवर्षं राहून मधोमध खाली बसतो. ब्रिजच्या खालच्या बाजूला पोलादी पट्टी धरून पाहा. मध्ये ब्रिज पट्टीकडे झुकलेला आणि कडांना फट दिसली की समजा तो वाकलाय, तो बदलायलाच हवा. सॅडलचे स्क्रू गंजून जाम झाले असतील, सॅडल आपल्या खाचेत खुळखुळत असतील, तरीही बदला. यापैकी काही नसेल आणि सूरच टिकत नसेल, तर दोष बहुधा वरच्या नटच्या खाचांत किंवा जुन्या तारांत आहे. ब्रिजवर पैसे घालवू नका.

टेलपीसबद्दल दावे फार होतात. जस्ताच्या टेलपीसऐवजी ॲल्युमिनियमचा लावला की आवाज खुलतो म्हणतात. वजन निम्म्याहून कमी होतं हे खरं. आवाजातला फरक मला तरी नव्या तारांच्या फरकापुढे किरकोळ वाटतो. तरी जुना टेलपीस झिजला असेल तर ॲल्युमिनियमचा घ्या, खांद्याला बरं. सोनेरी मुलामा दिसायला झकास, पण घामाने सगळ्यात आधी तोच उडतो. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी निकेल किंवा क्रोम घ्यावं आणि वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसावं.

सॅडलच्या खाचेबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. नवा ब्रिज पुष्कळदा बिनखाचेच्या सॅडलसह येतो आणि खाच आपल्यालाच पाडावी लागते. मिरजेत तंबोऱ्याला जवारी काढताना घोडीचा माथा मुद्दाम रुंद आणि अगदी थोडा उतरता ठेवतात, म्हणजे तार त्याला चाटत राहते आणि तो भरलेला, झिणझिणता नाद निघतो. गिटारला हे चालत नाही. इथे तार एकाच धारेवरून, पिकअपच्या बाजूच्या कडेवरून, स्वच्छ सुटली पाहिजे. म्हणून खाच टेलपीसकडे उतरती घासा आणि खोली तारेच्या अर्ध्या जाडीएवढीच ठेवा. सपाट घासली की गिटार सतारीसारखी झणझणते आणि लोक पडद्यांना दोष देत बसतात.

बसवण्याचा क्रम

सुटे करण्याआधी ब्रिजची दोन्ही टोकांची उंची आणि बाराव्या पडद्यावर तारांची उंची लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. तारा काढल्या की टेलपीस निसटून पडतो, म्हणून खाली जाड कापड अंथरा. जुनं बुशिंग काढायचं असेल तर उपटू नका. आत छोटा बोल्ट टाका आणि वरून स्टड फिरवत राहा. स्टडचं टोक बोल्टवर टेकलं की बुशिंग आपोआप वर सरकतं.

बुशिंग काढलंत तर भोकाच्या बाजूने आलेली एक तार दिसेल, बहुधा टेलपीसच्या एका बुशिंगखाली. ती अर्थिंगची आहे. नवं बुशिंग तिच्यावर नीट दाबून बसलं नाही तर तारांना हात लावला तरी ॲम्पची घरघर थांबत नाही. मल्टिमीटरचं एक टोक तारेला आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या भागाला लावून जोडणी तपासा. ही तार असल्यामुळे तुमचा हात ॲम्पच्या अर्थशी जोडलेला असतो. मांडवात जनरेटरचं अर्थिंग बिघडलेलं असेल आणि माइक वेगळ्या लाइनवर असेल, तर ओठ माइकला लागताच झटका बसू शकतो, तो जीवघेणाही ठरू शकतो. यावर उपाय ही तार कापणं नव्हे. इलेक्ट्रिशियनकडून मांडवाचं अर्थिंग तपासून घ्या आणि ॲम्प आणि माइक एकाच लाइनवर लावा.

उंचीसाठी गिब्सनच्या मापापासून सुरुवात करा, बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली सुमारे २ मि.मी., बारीक तारेखाली सुमारे १.२ मि.मी. टेलपीस इतकाच खाली न्या की तारा ब्रिजच्या मागच्या कडेला घासणार नाहीत.

शेवटी स्वरमेळ. नव्या तारा लावा, गिटार मांडीवर वाजवतो तशीच धरा. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा लागला तर सॅडल मागे, टेलपीसकडे. उतरलेला असेल तर पुढे. प्रत्येक सरकवणीनंतर तार पुन्हा सुरात लावूनच तपासा, नाहीतर अर्धा तास फुकट जातो. काम जमलं असेल तर जाड ई तारेचा सॅडल बारीक ईच्या ४-५ मि.मी. मागे दिसतो. बिनगुंडाळीची जी तार तिच्या शेजारच्या डीपेक्षा मागे बसलेली दिसली तर घाबरू नका, ती तशीच बसते.

स्ट्रॅटवाल्यांसाठी थोडक्यात. सहा स्क्रूंचा ब्रिज आणि दोन खांबांचा ब्रिज एकमेकांच्या भोकांत बसत नाहीत, तारांमधलं अंतरही १०.५ किंवा १०.८ मि.मी. असं वेगवेगळं येतं. जस्ताच्या ठोकळ्याऐवजी पोलादी ठोकळा घेणार असाल तर आधी अंगाची जाडी मोजा. पातळ अंगाच्या स्वस्त गिटारीत पूर्ण लांबीचा ठोकळा मागून बाहेर येतो आणि मागचं झाकण लागत नाही.

जुना ब्रिज मात्र फेकू नका. त्याचे स्क्रू आणि सॅडल डबीत ठेवा. ऐन कार्यक्रमाच्या दिवशी बारीक ईचा सॅडल हरवला की तो गावात कुठेच मिळत नाही.